आठ मऊ बोल्ट

आमच्या वन्संनी मला पसंत केलं नव्हतं. नापास केलं नव्हतं, एवढंच. लग्न ठरायच्या वेळी मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा मी बसायच्या आधी त्यांनी खुर्ची उलटी केली, चारही पाय हलवून पाहिले आणि मग म्हणाल्या, "हं, बस आता." सगळे मला बघत होते आणि त्या खुर्ची बघत होत्या. मागाहून ह्यांनी विचारलं, "ताई, मुलगी कशी वाटली?" तर म्हणाल्या, "नापास नाही." हे पोट धरून हसले. मला मात्र घरी जाऊन रडू आलं. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर कुणी ऐकलेलं नाही, हे मला वर्षभराने कळलं.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. आज चौसष्ट वर्षांच्या आहेत. लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहतात. त्या खोलीतली एकही वस्तू कधी डुगडुगत नाही आणि एकही नळ ठिबकत नाही. सकाळी सातच्या ठोक्याला चहाला खाली येतात. कप हातात आला की आधी उजेडाकडे धरतात, कड बघतात, कान बघतात, मग घोट घेतात. माझ्या लेकीने बोबडं बोलायच्या वयातच त्यांचं नाव भिंगआत्या ठेवलं होतं, कारण त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग कायम लटकत असायचं. आताही असतं.

वडील लवकर गेले म्हणून विसाव्या वर्षी त्या कारखान्यात लागल्या. आमच्या गावाबाहेर तो कारखाना आहे. तिथे उपग्रहांत बसवायच्या इंधनाच्या टाक्या आणि त्या टाक्या ठेवायच्या पेट्या बनतात. वन्संना पहिल्यांदा धुलाईत घातलं. धातूचे तुकडे स्पिरिटने पुसायचे आणि सुकवून पुढे द्यायचे, बस. तिसऱ्या महिन्यात एक तुकडा त्यांनी पुढे दिलाच नाही. म्हणाल्या, याला भेग आहे. मुख्य साहेबांनी बघितलं, कुणालाच काही दिसेना. मग त्यावर तांबडं पाणी फासलं, पुसलं, वरून पांढरी भुकटी मारली. भेगेत शिरलेलं तांबडं पाणी भुकटीवर उमटतं, अशी ती रीत आहे. केसासारखी लाल रेघ उमटली. साहेबांनी आपल्या टेबलावरचं भिंग उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "उद्यापासून तू तपासणीत." ते भिंग अजून तेच आहे. दोऱ्या बदलल्या.

तिथे प्रत्येक तपासनिसाला एक आकडा असतो. वन्संचा एक्केचाळीस. त्यांनी पास केलेल्या प्रत्येक वस्तूवर एका कोपऱ्यात बारीक एक्केचाळीस कोरलेला असतो आणि कागदावर तोच आकडा, खाली सही. अडतीस वर्षं हेच काम केलं. "एक्केचाळीस असेल तर पुन्हा बघायला नको," असं तिथे बोललं जायचं. हे त्या सांगत नसत. दुसरे सांगायचे.

बोल्टांची गोष्टही दुसऱ्यांनीच सांगितलेली. त्यांच्या टेबलावर चकचकीत फरशीचा एक तुकडा असे. बोल्टांची पेटी आली की त्या एकेक बोल्ट वीतभर उंचीवरून त्या फरशीवर टाकायच्या आणि कान लावायच्या. पक्का बोल्ट टण् वाजतो, मऊ बोल्ट ठक् वाजतो. वर सगळ्यांना एकच राखाडी लेप असल्यामुळे डोळ्याला फरक कळत नाही. लोक हसायचे, "बाईंचा गाण्याचा तास सुरू झाला." पण एकदा बाहेरून आलेल्या पेटीत पक्क्यांमध्ये मिसळलेले सतरा मऊ बोल्ट त्यांनी कानाने काढले. ते तसेच वर गेले असते तर सगळं यंत्र सुटं झालं असतं. त्याबद्दल मोठ्या साहेबांचं पत्र आलं. ते पत्र सासूबाईंनी भिंतीवर लावलं होतं. वन्संनी आधी खिळा हलवून बघितला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की, गेल्या वर्षीच्या त्या मंगळवारी सकाळी वन्सं खाली आल्या, मी चुकून कड उडालेला कप त्यांच्या पुढे ठेवला आणि त्यांनी न बघता तो ओठाला लावला.

तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

टीव्हीवर तेव्हा बातमी चालू होती. हवामान बघणारा एक जुना उपग्रह बिघडला होता. त्याच्याशी बोलणं तुटलं होतं, त्याला वळवता येत नव्हतं आणि तो दिवसागणिक खाली सरकत होता. शनिवारच्या आसपास पडेल, कुठे ते सांगता येत नाही. एक तज्ज्ञ गृहस्थ शांतपणे सांगत होते की काळजीचं कारण नाही, हा उपग्रह असा बनवलाय की उतरताना तो उंचावरच फुटतो आणि आतलं सगळं हवेतच जळून जातं.

"बघा," हे म्हणाले, "ताईच्या कारखान्याचं दिसतंय. म्हणजे पडला तरी तुकडे एकसारखे पडतील."

"बाबा, काहीही!" लेक म्हणाली. "आत्या, तुमच्याकडचाच ना गं हा?"

"सात नंबर," वन्सं म्हणाल्या. बाकी काही नाही. कप ठेवला आणि वर गेल्या. निम्मा चहा तसाच.

मी घरी शिवणकाम करते. उसवणं, आखूड करणं, चेन बदलणं अशी दुरुस्तीची कामं. माझं मशीन खिडकीशी आहे आणि डोक्यावर वन्संची खोली. त्या दिवशी दुपारभर त्यांची पावलं ऐकू येत होती. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. त्या तशा येरझाऱ्या घालणाऱ्या नाहीत. एका जागी बसून एका वस्तूकडे तासभर बघणारी बाई ती.

बुधवारी त्यांनी लेकीला चारदा हाक मारली. तिच्या मोबाईलवर त्या उपग्रहाची वाट दिसायची. पृथ्वीच्या नकाशावर एक लाटेसारखी रेघ, दर दीड तासाने थोडी सरकलेली. वन्सं भिंग लावून त्या रेघेखालची गावं वाचत होत्या.

"आत्या, आता आकाशाला नापास करणार का?" लेकीने चेष्टा केली.

"ह्या गावात शाळा सकाळची असते का दुपारची?"

"मला काय माहीत! मी कधी गेलेय तिथे?"

"छपरं कशाची असतील?"

लेक माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, काय झालंय हिला? मी खांदे उडवले.

गावात तर जत्रेसारखा उत्साह. समोरच्या रिक्षावाल्याने टपावर गादी बांधली होती. त्याला विचारलं तर म्हणे, "पडलाच तर मऊ पडू दे बिचारा." किराणावाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, जे काही घ्यायचंय ते शुक्रवारपर्यंत घेऊन टाका. लोक हसत होते, आणि हसून झालं की वर बघत होते. मीसुद्धा. मंगळवारी दिवा लावताना मी देवाला एवढंच म्हणाले होते की आमच्यावर नको पडू दे. बुधवारी तसं म्हणायला गेले आणि जीभ अडखळली. आमच्यावर नको, म्हणजे मग कोणावर? कोणीतरी दुसरी बाई तिच्या घरात हेच मागत असणार. त्या दिवशी मी नुसते हात जोडले.

गुरुवारी दुपारी घरात मी एकटीच होते. वन्सं आल्या, दार लावून घेतलं आणि माझ्या मशीनच्या फळीवर औषधाची एक चपटी डबी ठेवली. आत कापसात आठ बोल्ट होते. राखाडी, करंगळीएवढे. त्यांनी एक उचलला आणि जमिनीवर टाकला.

ठक्.

"ऐकलंस?"

"मऊ आहे," मी म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहून एवढं कळतं.

"हे सात नंबरमध्ये असायला हवे होते. मी काढायला लावले."

मला आधी कळेना. मऊ बोल्ट काढले तर चांगलंच केलं की. त्या स्टुलावर बसल्या. स्टूल हलवून न बघता. मग सांगायला लागल्या, एकेक शब्द मोजून, कोणाच्या तरी चुकीचा अहवाल द्यावा तसं.

टाकी एका पेटीत असते. पेटीचं झाकण आठ बोल्टांवर. तोवर सगळे बोल्ट पक्के असायचे. सात नंबरपासून नवीन विचार आला होता. काम संपलेले उपग्रह कधी ना कधी खाली येणार, तेव्हा ते अख्खे जमिनीवर येऊ नयेत म्हणून झाकणाला मुद्दाम मऊ बोल्ट. उतरताना जी आग होते तिच्यात ते आधी वितळतात, झाकण उडतं, ज्वाळा आत शिरते आणि टाकी फार उंचावर फुटून जळून जाते. हे सगळ्यांना एका बैठकीत समजावून सांगितलं होतं. त्या आठवड्यात वन्सं रजेवर होत्या. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा. मला आठवलं, रात्रीचं मी बसायची आणि दिवसाचं त्या.

"परत कामावर गेले तर टेबलावर नवं ड्रॉइंग होतं. त्याला चिठ्ठी, वाचून सही करा. आई नुकतीच गेलेली. मी सही केली." थांबल्या. "वाचलं नाही."

मी मशीनच्या चाकावरचा हात काढला.

"मग टाकीची पेटी आली. बोल्ट टाकून बघितले, आठही ठक्. मला वाटलं पुन्हा तेच, मागच्यासारखी भेसळ. जोडणीवाला म्हणाला होता गं. लांब्या म्हणायचे त्याला. म्हणाला, बाई, ह्या वेळी मऊच लिहिलेत. मी म्हटलं, तू मला बोल्ट शिकवणार? गप्प बसला बिचारा. पक्के घातले. मी एक्केचाळीस कोरला."

"मग कळलं कधी?"

"आठ नंबर आला तेव्हा. पुन्हा मऊ. ह्या खेपेला मी ड्रॉइंग वाचलं." त्या डबीकडे बघत होत्या. "तोवर सात नंबर वर जाऊन चार महिने झाले होते. काढलेले हे आठ नापासांच्या डब्यात पडून होते, ते घरी आणले. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले. दोनदा परत आले. अकरा वर्षं झाली."

मला ते माझ्या भाषेत कळलं. मी कपड्याला आधी कच्चा टाका घालते. तो उसवायसाठीच असतो. कोणी शहाणी येऊन, अगंबाई हा टाका कच्चा राहिलाय, म्हणून त्यावर पक्की शिलाई मारून देईल, तर कपडा वाया. चांगलं शिवता येणारीच ही चूक करील. जिला शिवता येत नाही तिला टाका कच्चा आहे हेच कळणार नाही.

"म्हणजे ते टीव्हीवाले म्हणतात की सगळं जळून जाईल..."

"नाही जळणार. टाकी पेटीतच राहील, आच लागेपर्यंत खाली पोचेल. एवढी." त्यांनी दोन्ही हात पसरून मोठ्या कलिंगडाहून मोठा गोल दाखवला. "आणि तो मध्येच बिघडलाय, म्हणजे आत इंधन शिल्लक आहे. विष आहे ते. श्वासात गेलं तरी जाळतं. आणि लोकांना सांगतायत काळजी करू नका. मग आकाशातून पडलेला गोळा बघायला पोरंटोरं धावणार नाहीत का? मी लहान असते तर पहिली धावले असते."

संध्याकाळी त्यांनी ह्यांनाही सांगितलं. हे बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"ताई, आता कशाला? अकरा वर्षं झाली. कोणाला कळणारसुद्धा नाही. समुद्रात पडेल. निम्म्याहून जास्त तर पाणीच आहे जगात."

"हेच मी अकरा वर्षं स्वतःला सांगतेय," वन्सं म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त पाणी आहे."

"तुझ्या सहीने वर गेलेलं आणखी किती आहे. एक चुकली म्हटलं की सगळ्यांवर बोट ठेवतील. अडतीस वर्षांवर पाणी पडेल ताई."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मला मोठं काही बोलता येत नाही. मी म्हणाले, "वन्सं, शनिवारी कोणाच्या अंगावर पडलं आणि रविवारी तुम्ही सांगितलंत, तर ते सांगणं कोणाच्या कामाचं?"

त्या उठल्या. "सकाळची आठची बस धरू. तू चल बरोबर. मी दारातून परत फिरले तर ढकल."

शुक्रवारी बसमध्ये डबी त्यांच्या मुठीत होती. खड्ड्यात बस आपटली की आतले बोल्ट वाजायचे आणि त्या माझा हात धरायच्या. मी मनातल्या मनात नाम घेत होते. त्यांनी मध्येच सांगितलं की तपासणीच्या आताच्या प्रमुख बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या आहेत.

"मग बरंच आहे की. ओळखीच्या आहेत."

"तिला मी तीनदा रडवलंय," वन्सं म्हणाल्या. "एकदा न वाचता सही केली म्हणून."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने लांबूनच सलाम ठोकला. "बाई! तुम्ही! या या, आता परत पास-नापास सुरू होणार." वन्सं हसल्या नाहीत. पहारेकऱ्याचं हसूही अर्ध्यावर राहिलं.

प्रमुख बाई चाळिशीच्या असतील. टेबलावर तीन फोन, तिन्ही वाजत होते. तरी त्या उठून आल्या आणि वन्संचे हात हातात घेतले. "बाई, टीव्ही बघून आलात ना? उगाच काळजी करताय. मी स्वतः हिशेब बघितलेत, सगळं वरच जळतंय. बसा, चहा सांगते."

वन्सं बसल्या नाहीत. डबी उघडली आणि एक बोल्ट फरशीवर टाकला.

ठक्.

त्या आवाजाने त्या बाईंचा चेहरा कसा बदलला, ते मी विसरायची नाही. त्यांचेही कान वन्संनीच तयार केलेले. काय, कुठला, असं काहीच विचारलं नाही. खाली वाकून बोल्ट उचलला, बोटात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "किती?"

"आठही."

त्यांनी कपाटातून जुनी फाईल काढली. एका कागदावर लिहिलं होतं, मऊ बोल्ट, आठ. शेजारी वन्संची सही, वाचलं, समजलं. पुढच्या कागदावर पेटी पास, एक्केचाळीस. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्या बघत राहिल्या. मग फोन उचलला. एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. मला त्यातलं थोडंच कळलं. "नाही, झाकण उडणार नाही. नाही, टाकी अख्खी धरा. हो, इंधनासकट. हो, मला खात्री आहे, ज्यांनी बसवून घेतले त्या माझ्यासमोर उभ्या आहेत."

चार तास आम्ही तिथे होतो. वेगवेगळे लोक येऊन वन्संना तेच तेच विचारत होते, वन्सं तेच तेच सांगत होत्या. एकदाही आईचं आजारपण त्यांनी पुढे केलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर माझा पदर ओढला.

निघताना प्रमुख बाईंनी विचारलं, "बाई, अकरा वर्षं का नाही सांगितलंत?"

"भ्याले," वन्सं म्हणाल्या.

त्या बाई रागावल्या होत्या, आणि त्यांना रागवता येत नव्हतं. डबी त्यांनी ठेवून घेतली.

संध्याकाळच्या बातम्यांत तेच शांत गृहस्थ होते, पण घसा दोनदा खाकरला. म्हणाले, नव्या माहितीनुसार एक गोल टाकी जमिनीपर्यंत पोचू शकते. ती विषारी आहे. कोणाला दिसली तर जवळ जाऊ नये, हात लावू नये, वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब थांबून कळवावं. मग टाकीचं चित्र दाखवलं. रेघेखालच्या सगळ्या गावांत, सगळ्या देशांत तेच चित्र गेलं म्हणे. रिक्षावाल्याने टपावरची गादी सोडून घरात नेली. त्या दिवशी कोणी विनोद केला नाही.

शनिवार. सांगितलं होतं की सकाळी दहा ते दुपारी चारच्या मध्ये कधीही. शाळा बंद ठेवल्या होत्या. रस्त्यावर कुत्री तेवढी होती. वन्सं सकाळीच खाली येऊन माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. मी एका पँटची शिलाई उसवत होते. तीच शिलाई मी दोनदा घातली आणि दोनदा उसवली, कारण हात चालत नव्हता आणि रिकामा ठेवायची भीती वाटत होती. लेक दर पाच मिनिटांनी रेघ कुठे आलीय ते सांगत होती. समुद्रावर. वाळवंटावर. पुन्हा समुद्रावर. समुद्र म्हटलं की वन्सं श्वास सोडायच्या, जमीन म्हटलं की धरायच्या.

सव्वाबाराला लेक म्हणाली, "आता आपल्यावरून."

कोणी हललं नाही. बाहेर कुठेतरी पत्रा वाजला, वारा होता. मी डोळे मिटले. कोणावर नको, एवढंच आलं मनात. ज्याचं कोणी नाही त्याच्यावरही नको.

"गेला," लेक म्हणाली.

आपल्यावरून गेला म्हणून माझ्या जिवाला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण वन्संचे हात अजून तसेच मांडीवर घट्ट होते. आपलं गाव सुटलं तरी त्यांच्यासाठी पुढचं गाव होतंच.

दोनला काही मिनिटं असताना बातमी आली की पडला. कुठे ते यायला आणखी पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात वन्सं एकदाच बोलल्या. "अगं, पक्के बोल्ट मीच निवडून दिले होते. डब्यातले सगळ्यात चांगले."

खूप दूरच्या एका देशात, माळरानावर, जिथे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे टाकी पडली. बाकीचे तुकडे वर जळाले. टाकी तेवढी आली. खडीच्या ढिगाऱ्यात अर्धी रुतली होती, गळत होती. तिथे चौदा मजूर होते. आवाज ऐकून सगळे धावले, धावणारच. त्यांचा मुकादम मागून ओरडला. त्याने आदल्या संध्याकाळी ते चित्र बघितलं होतं. शिव्या घालत, दगड मारत त्याने माणसं मागे हाकलली. एक जण तोवर पोचला होता. तेवढ्या दोन-तीन श्वासांत त्याची छाती आणि डोळे भाजले. बाकी तेरा धड होते.

"एक," वन्सं म्हणाल्या. "जिवंत आहे ना?"

"दवाखान्यात आहे, जिवंत आहे," लेक म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, कारण तिला गुरुवारीच सगळं सांगितलं होतं आणि तेव्हापासून तिने आत्याला भिंगआत्या म्हटलं नव्हतं. "आत्या, फोटो आलाय. बघणार?"

वन्संनी मोबाईल फळीवर ठेवला आणि त्यावर भिंग धरलं. काळी पडलेली, चेपलेली पेटी. झाकण जागच्या जागी. त्या बोटाने मोजत गेल्या. एक, दोन, तीन. सहाव्याशी धूळ होती, तिथे जरा थांबल्या. सात, आठ.

"एकही ढिला नाही," त्या म्हणाल्या. अडतीस वर्षांत आपलं काम शेवटाला कसं टिकलं, हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. भिंग खाली ठेवलं, ते फळीवरून घरंगळलं, मी झेललं. तेव्हा त्या रडल्या. मी त्यांना एवढ्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

तो मजूर नवव्या दिवशी घरी गेला. एका डोळ्याने अंधूक दिसतं, असं कळलं. प्रमुख बाईंनी मध्ये दुभाष्या बसवून फोन जोडून दिला. वन्संनी काय झालं होतं ते सगळं सांगितलं, स्वतःचं नावही. तो म्हणाला, "बाई, मला मुकादमाने आईवरून शिवी दिली म्हणून मी थबकलो, नाहीतर हातच लावणार होतो. त्याला कोणी सांगितलं होतं?" वन्संनी उत्तर दिलं नाही. दुभाष्याने दिलं असेल तर माहीत नाही.

ह्यांना वाटत होतं तसं झालंच. एक्केचाळीस असलेली प्रत्येक फाईल पुन्हा उघडायचं ठरलं. पत्र आलं तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. वन्संनी पत्र वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून, आणि मग फोन करून विचारलं की मी येऊन बसले तर चालेल का. माझ्या सह्या मला लवकर सापडतील.

तेव्हापासून त्या रोज जातात. पगार नाही, ओळखपत्र नाही. फाटकावर पाहुण्याची चिठ्ठी घ्यावी लागते. पहारेकरी सुरुवातीला ती लिहिताना खाली बघायचा, आता तारीख आधीच घालून ठेवतो. सगळ्या तरण्या मुलांबरोबर एका लांब टेबलावर बसतात आणि आपला एकेक कागद वाचतात. न वाचता केलेली दुसरी सही अजून सापडलेली नाही. पण अजून चौदा वर्षांचे कागद राहिलेत, आणि त्यातलं बरंचसं काही आपल्या डोक्यावर फिरतंय.

आज सकाळी सातला खाली आल्या. कप उजेडाकडे धरला, कड बघितली, कान बघितला.

"आज कुठली फाईल?" मी विचारलं.

"आई आजारी पडायच्या आधीच्या वर्षाची." घोट घेतला. "तेव्हा मी वाचत होते, असं वाटतंय मला."

डबा घेऊन त्या बसला गेल्या. मी मशीनवर बसले. संध्याकाळी जिन्यात त्यांची पावलं वाजेपर्यंत माझं नाम चालूच असतं.